उंदराच्या मेंदूतला नायलॉनचा दोरा

जखम शिवायला डॉक्टर वापरतात त्या नायलॉनच्या दोऱ्याचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा घ्यायचा. त्याचं एक टोक ज्योतीजवळ धरायचं, म्हणजे ते वितळून गोल होतं. टोकदार राहिलं तर रक्तवाहिनी फाटेल. त्यावर सिलिकॉनचा पातळ थर द्यायचा. भूल दिलेल्या उंदराच्या गळ्याशी छोटी चीर घेऊन हा दोरा मानेतल्या धमनीतून हळूहळू वर सरकवायचा. साधारण १८ ते २० मिलिमीटर आत गेल्यावर बोटांना किंचित अडथळा जाणवतो. तिथे थांबायचं. त्या क्षणी मेंदूच्या मधल्या धमनीचं तोंड बंद झालेलं असतं आणि उंदराला पक्षाघाताचा झटका आलेला असतो. घड्याळ लावायचं. साठ किंवा नव्वद मिनिटांनी दोरा मागे ओढला, की रक्त पुन्हा वाहू लागतं.

एम.फार्म.ला असताना मी हे शिकले. हात बसायला महिने लागले. मानेतल्या धमनीला वर जाताना फांद्या फुटतात, आणि दोरा चुकीच्या फांदीत शिरला तर तो मेंदूऐवजी तोंडातल्या टाळूच्या बाजूला जातो. दोन्ही वेळा अडथळा लागतो, दोन्ही वेळा वाटतं की जमलं. घरी हे सांगितलं तेव्हा आईने विचारलं, "अगं, पण त्या बिचाऱ्याला कशाला?"

हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर 'माणसांचे जीव वाचावेत म्हणून' एवढ्यावर संपवता येत नाही. कारण या दोऱ्यामुळे आणि त्याच्यासारख्या इतर पद्धतींमुळे शेकडो औषधं उंदरांत लागू पडली, आणि त्यातली माणसांपर्यंत पोचलेली जवळजवळ सगळी निकामी ठरली. असं का झालं, हे समजून घेतलं तरच आईला खरं उत्तर देता येईल. बरीच वर्षं हे वाचून, शिकवून माझं मत असं झालं आहे की उंदरांनी आपल्याला फारसं फसवलेलं नाही. त्यांना आपण जे विचारलं, त्याचंच उत्तर त्यांनी दिलं.

वारं गेलं म्हणजे नेमकं काय होतं

अर्धांगवायू, लकवा, पक्षाघात, गावाकडे 'अंगावरून वारं गेलं'. यातलं प्रत्येक नाव हातापायांबद्दल किंवा वाऱ्याबद्दल बोलतं. घटना मात्र मेंदूत घडते. (फक्त तोंड वाकडं होतं त्याला 'तोंडाचा लकवा' म्हणतात. तो बहुतेक वेळा चेहऱ्याच्या नसेचा वेगळा आजार असतो. पण नक्की काय आहे ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावं, घरी ठरवू नये.)

पक्षाघाताचे मुख्य प्रकार दोन. एकात मेंदूतली रक्तवाहिनी फुटते. दुसऱ्यात ती तुंबते, बहुतेकदा हृदयातून किंवा मानेच्या धमनीतून वाहत आलेल्या गुठळीने. हा दुसरा प्रकार जास्त आढळतो, अमेरिकेत तर शंभरातले सुमारे ८७ झटके याच प्रकारचे असतात. दोऱ्याने उंदरात आणतात तो हाच.

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण प्राणवायू तो वीस टक्के वापरतो, आणि साठा जवळजवळ काहीच ठेवत नाही. रोजच्या कमाईवर चूल पेटणाऱ्या घरासारखं त्याचं असतं. मोठी धमनी तुंबून उपचार झाला नाही, तर सरासरी दर मिनिटाला १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज जेफ्री सेव्हर या अमेरिकन डॉक्टरांनी २००६ साली मांडला.

पण सगळ्या पेशी एकदम मरत नाहीत, आणि उपचाराची सगळी आशा इथेच आहे. तुंबलेल्या जागेच्या ऐन मध्यभागी रक्त जवळपास पोचतच नाही. तो भाग काही मिनिटांत जातो. त्याच्या भोवती एक पट्टा असतो, जिथे शेजारच्या रक्तवाहिन्यांतून थोडं रक्त झिरपत असतं. जिवंत राहायला पुरेल एवढं, काम करायला पुरणार नाही एवढं. तिथल्या पेशी गप्प असतात, पण मेलेल्या नसतात. लवकर रक्त मिळालं तर त्या पुन्हा कामाला लागतात. ग्रहणात गडद सावलीभोवती फिकट उपच्छाया असते, तसा हा पट्टा. आस्ट्रुप, सायमन आणि सहकाऱ्यांनी त्याला नावही तेच दिलं. हे नाव ज्या प्रयोगांतून आलं ते बबून माकडांवर झाले होते. मेंदूच्या १०० ग्रॅम भागाला मिनिटाला साधारण ५० मिलिलिटर रक्त लागतं. ते २०च्या खाली गेलं की पेशी गप्प होतात आणि १०च्या आसपास घसरलं की मरू लागतात.

पक्षाघातावरचं बरंचसं संशोधन या उपच्छायेतल्या पेशींना आणखी थोडा वेळ कसं तगवायचं, यावर आहे. गुठळी हटेपर्यंत तग धरायला मदत करणारं औषध मिळालं, तर कितीतरी लोक आपल्या पायावर घरी जातील.

उंदीरच का

बशीत वाढवलेल्या चेतापेशींना रक्तपुरवठाच नसतो, तेव्हा तो तुंबणार कसा? पक्षाघात म्हणजे पेशी, रक्तवाहिनी, रक्त, सूज आणि प्रतिकारशक्ती यांचं एकत्र बिघडणं. ते जिवंत शरीरातच बघावं लागतं. माकडांवरचे प्रयोग नैतिकदृष्ट्या फार जड जातात, खर्चिकही असतात, आणि संख्या पुरेशी मिळत नाही. उंदरांच्या मेंदूची रक्तवाहिन्यांची मांडणी ढोबळमानाने आपल्यासारखी आहे. मेंदूच्या तळाशी धमन्यांचं एक कडं असतं आणि त्यातून मधली धमनी दोन्ही बाजूंना जाते. माणसात सर्वात जास्त तुंबते तीही हीच.

'उंदीर' म्हणताना मी दोन वेगळ्या प्राण्यांबद्दल बोलते आहे, हेही सांगायला हवं. एक रॅट, पाव किलोच्या आसपासचा, मेंदू सुमारे दोन ग्रॅम. दुसरा माऊस, घरातल्या लहान उंदराएवढा, मेंदू अर्ध्या ग्रॅमहूनही कमी. रॅटवर शस्त्रक्रिया करणं सोपं, माऊसमध्ये हवा तो जनुकीय बदल करता येतो. माणसाचा मेंदू चौदाशे ग्रॅमच्या आसपास असतो.

दोऱ्याची पद्धत जपानमध्ये कोइझुमी आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली मांडली आणि लाँगा व सहकाऱ्यांनी १९८९ साली तिच्यात सुधारणा केली. कवटी उघडावी लागत नाही आणि रक्त पुन्हा सुरू करता येतं, म्हणून ती जगभर पसरली. पण वाट तेवढीच नाही. उंदराचंच रक्त बारीक नळीत गोठवून ती गुठळी आत सोडता येते. हे माणसातल्या घटनेच्या सर्वात जवळ जातं, आणि गुठळी विरघळवणारं औषध तपासायचं तर याला पर्याय नाही. दोरा कोणत्याही औषधाने विरघळत नाही. त्रास एवढाच, की गुठळी कुठे अडकेल आणि कधी आपोआप फुटेल हे आपल्या हातात नसतं. आणखी एका पद्धतीत गुलाबी रंगाचं रोझ बेंगॉल नावाचं रसायन शिरेतून देतात (डोळ्यांचे डॉक्टर तपासणीसाठी हाच रंग वापरत आले आहेत) आणि कवटीवर एका बिंदूवर प्रकाश टाकतात. प्रकाश पडेल तिथेच रक्त गोठतं. जागा अगदी नेमकी मिळते, पण अशा झटक्यात उपच्छाया जेमतेमच असते. म्हणजे ज्या पेशी वाचवायच्या, त्याच तिथे फार नसतात. चौथा मार्ग एंडोथेलिनचा. हा पदार्थ रक्तवाहिनी आवळून टाकतो. याचं नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येईल.

उंदराला कसं विचारायचं

माणूस सांगतो, हात जड वाटतोय. उंदराकडून ते कळून घ्यायला काही साध्या आणि सुंदर युक्त्या आहेत.

शेपटी धरून उंदराला जमिनीपासून थोडं वर उचललं, तर निरोगी उंदीर पुढचे दोन्ही पाय जमिनीकडे लांबवतो. झटका आलेल्या उंदराचा विरुद्ध बाजूचा पाय छातीशी आखडलेला राहतो. पुढच्या पंजांवर कागदी टिकली चिकटवली तर निरोगी उंदीर ती काही सेकंदांत दाताने काढतो. आजारी उंदराला दुबळ्या पंजावरची टिकली कळायलाच वेळ लागतो. दोन फळ्या कोनात उभ्या करून उंदराला त्या कोपऱ्यात सोडलं, तर निरोगी उंदीर कधी डावीकडे वळेल, कधी उजवीकडे. झटका आलेला पुन्हा पुन्हा एकाच बाजूला वळतो. मला ही कोपऱ्याची चाचणी सर्वात आवडायची, कारण तिच्यात उंदराला काही दुखत नाही आणि त्याच्यावर बळजबरीही होत नाही.

मग मेंदू. त्याचे दोन-दोन मिलिमीटरचे काप करून टीटीसी नावाच्या रंगहीन द्रावणात बुडवतात. जिवंत पेशींतली विकरं (एन्झाइम) त्या द्रावणाला लाल करतात, मेलेला भाग पांढराच राहतो. पहिल्यांदा बघताना अंगावर काटा येतो. कलिंगडाच्या फोडीत मध्येच पांढरा ठिपका असावा, तसं दिसतं. या पांढऱ्या भागाचं क्षेत्रफळ मोजायचं, सुजेने तो फुगलेला असतो त्याची वजावट करायची, आणि औषध दिलेल्या उंदरात तो लहान आहे का ते बघायचं. वर्षानुवर्षं 'औषध चाललं' याचा अर्थ बहुतेक ठिकाणी हाच होता: चोवीस तासांनी पांढरा भाग लहान.

अडचण अशी, की माणसाला पांढऱ्या भागाचं क्षेत्रफळ नको असतं. त्याला तीन महिन्यांनी शर्टाची बटणं लावता यायला हवी असतात. उंदीर हे प्राणी इतक्या चिवटपणे सावरतात, की काही आठवड्यांनी औषध न दिलेला उंदीरही वरवर ठीक चालतो. फरक शोधायला टिकलीसारख्या बारीक चाचण्याच लागतात, आणि तेवढा काळ थांबायची चिकाटी फार प्रयोगांनी दाखवली नाही.

हजार उपचार आणि एक

२००६ साली मेलबर्नमधल्या ओकॉलिन्स आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या पक्षाघात-संशोधनात आजमावलेले उपचार मोजले. १,०२६ भरले. त्यातले ११४ माणसांपर्यंत पोचले. ताज्या झटक्यात नक्की उपयोगी ठरलेलं औषध तेव्हा एकच होतं, गुठळी विरघळवणारं टीपीए.

या एकाची कहाणी आधी सांगते, कारण ती प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या बाजूने बोलते. १९८५ साली झिव्हिन आणि सहकाऱ्यांनी सशांच्या मेंदूत गुठळ्या सोडून दाखवलं, की टीपीए लवकर दिलं तर इजा कमी होते. (ससा उंदराच्या कुळातला नाही, दातांमुळे तसं वाटतं एवढंच.) दहा वर्षांनी, १९९५ साली, अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीने माणसांत तेच दाखवलं, झटक्यानंतर तीन तासांच्या आत दिलं तर. २००८ साली ही मुदत साडेचार तासांवर गेली. याच औषधाची सुधारित आवृत्ती, टेनेक्टेप्लेज, आज पुण्यातली जिनोव्हा कंपनी बनवते. ते एकाच इंजेक्शनात देता येतं. आणि २०१५ साली पाच चाचण्यांनी दाखवलं, की जांघेतून नळी नेऊन गुठळी प्रत्यक्ष ओढून काढली तर मोठ्या झटक्यातले रुग्णही सावरतात.

हे दोन्ही उपचार रस्ता मोकळा करतात. पेशींना तग धरायला लावणारी, म्हणजे मेंदूरक्षक औषधं मात्र एकामागून एक पडली.

सगळ्यात मोठा धक्का एनएक्सवाय-०५९ या औषधाचा. प्राणवायूच्या कमतरतेनंतर पेशीत जे विषारी कण तयार होतात, ते टिपून घेणारं हे रसायन. उंदरांत उत्तम, माकडांतही चांगलं. २००६ साली माणसांवरच्या पहिल्या मोठ्या चाचणीत थोडा फायदा दिसला. २००७ साली ३,३०० रुग्णांच्या दुसऱ्या चाचणीत काहीच फायदा नाही. इतके रुग्ण, इतकी वर्षं, इतका पैसा. त्यानंतर अनेक औषध कंपन्यांनी या क्षेत्रातून अंग काढून घेतलं.

एडिनबरोतल्या माल्कम मॅक्लाउड आणि सहकाऱ्यांनी मग या औषधाचे प्राण्यांवरचे जुने प्रयोग एकत्र करून तपासले. कोणत्या उंदराला औषध द्यायचं आणि कोणत्याला नुसतं पाणी, हे जिथे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं, तिथे इजा सुमारे वीस टक्के कमी झालेली दिसली. जिथे तसं ठरवल्याची नोंदच नव्हती, तिथे पन्नास टक्क्यांहून जास्त. मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला हे माहीत नव्हतं, अशा प्रयोगांतही परिणाम इतर प्रयोगांच्या मानाने असाच निम्म्याच्या आसपास घटला. कोणी मुद्दाम लबाडी केली असं मला वाटत नाही. आपल्या औषधाने चालावं अशी इच्छा असलेला माणूस टवटवीत उंदीर नकळत औषधाच्या पिंजऱ्याकडे नेतो. पांढऱ्या ठिपक्याची कड जिथे धूसर असते, तिथे रेघ नकळत थोडी आत ओढतो. मी स्वतः त्या रेघा ओढल्या आहेत. धूसर कडेवर हात किती सहज सरकतो ते मला माहीत आहे.

दुसरी गोष्ट, छापलं काय जातं. याच एडिनबरोच्या गटातल्या एमिली सेना आणि सहकाऱ्यांनी २०१० साली पक्षाघाताचे ५२५ प्रसिद्ध झालेले प्राणी-अभ्यास पाहिले. त्यात इजेच्या आकारावर काही लक्षणीय परिणाम झाला नाही, असं सांगणारे होते फक्त १०. इतकं यश कुठल्याच क्षेत्रात नसतं. न चाललेले प्रयोग टेबलाच्या खणात राहतात, आणि त्यामुळे सगळी औषधं होती त्याहून बरी दिसू लागतात.

तापमान, वय, वेळ

वरच्या दोन चुका कोणत्याही शास्त्रात होऊ शकतात. यापुढच्या खास पक्षाघाताच्या आहेत, आणि मला त्या जास्त शिकवून गेल्या.

एमके-८०१ नावाचं एक रसायन होतं. रक्त तुटलं की मरणाऱ्या चेतापेशी ग्लुटामेट (एरवी पेशीपेशींत निरोप पोचवणारं रसायन) बाहेर टाकतात, त्याने शेजारच्या पेशी अतिउत्तेजित होतात, त्यांच्यात कॅल्शियम घुसतं आणि त्याही मरतात. कॅल्शियम घुसतं ते दार एमके-८०१ बंद करतं. जर्बिल नावाच्या वाळवंटी उंदरांत, मेंदूचा पुढचा सगळा रक्तपुरवठा काही मिनिटं तोडून केलेल्या प्रयोगांत, त्याने पेशी वाचवल्या. मग १९९० साली ब्युकन आणि पुल्सिनेली यांनी प्राण्यांचं तापमान काळजीपूर्वक मोजलं. एमके-८०१ने जर्बिल थंड पडत होते. त्यांना उबदार ठेवलं, तर औषधाचा फायदा नाहीसा झाला. औषधाशिवाय नुसतं थंड ठेवलं, तर फायदा परत आला! त्याआधी १९८७ साली बुस्टो आणि सहकाऱ्यांनी दाखवलंच होतं, की मेंदूच्या तापमानात दोन-तीन अंशांचा फरक पडला तरी इजेत केवढा फरक पडतो. म्हणून आज टेबलावर गरम गादी असते, गुदद्वारात तापमानाची बारीक कांडी असते, आणि ते ३७ अंशांवर धरून ठेवणं हे शस्त्रक्रियेइतकंच महत्त्वाचं मानतात. भुलीचंही तसंच. आयसोफ्लुरेन हा भुलीचा वायू मेंदूला स्वतःच काहीसं संरक्षण देतो. माणसाला झटका येतो तेव्हा त्याला कुणी भूल दिलेली नसते.

पुढचं वय. प्रयोगातला ठरावीक उंदीर म्हणजे दोन-तीन महिन्यांचा तरणा नर, ना रक्तदाब, ना मधुमेह, ना गुडघेदुखीच्या गोळ्या. आपला ठरावीक रुग्ण साठी-सत्तरीचा, बऱ्याचदा बाई, आणि यातलं सगळं असलेला. उच्च रक्तदाबाचे रॅट काही नवे नाहीत. जपानमधल्या क्योटोमध्ये ओकामोटो आणि आओकी यांनी १९६३ सालीच ती जात पैदा केली होती. तिच्यात झटक्याने होणारी इजा मोठी असते, कारण शेजारच्या रक्तवाहिन्यांची मदत कमी पडते. पण तरुण निरोगी उंदीर स्वस्त, सुटसुटीत, आणि निकाल एकसारखे देणारे. म्हणून तेच वापरले गेले.

मेंदूची घडणही वेगळी. उंदराचा मेंदू गुळगुळीत, वळ्यांशिवाय. त्यात पेशींना जोडणाऱ्या पांढऱ्या तारांचा भाग थोडा, माणसात जवळजवळ निम्मा. चेतापेशी वाचवणारं औषध तारा वाचवेलच असं नाही. आणि उंदराचं शरीर औषधंही वेगळी हाताळतं. माणसाला टीपीए किलोमागे ०.९ मिलिग्रॅम देतात. माणसाचं हेच औषध रॅटमध्ये चालायला बहुतेक दहा मिलिग्रॅम लागतं.

आणि वेळ. मला हे सांगताना माझे मोठे मामा आठवतात. सकाळी सहाला उठले तेव्हा उजवा हात उचलेना. हातावर झोपले असतील म्हणून मामीने तेल कोमट करून चोळलं. नऊला जीभ अडखळायला लागली. मग तालुक्याचं गाव, तिथून जिल्ह्याचं गाव. स्कॅन होईपर्यंत दुपारचा एक वाजला. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "शेवटचं नीट कधी पाहिलं होतं?" रात्री साडेदहाला. म्हणजे साडेदहा ते सहा यांमध्ये केव्हाही. गुठळी विरघळवणारं औषध देता आलं नाही. (आता एमआरआय बघून झोपेत झटका आलेल्या काही रुग्णांना ते देता येतं. तेव्हा ती सोय नव्हती.) मी त्या वेळी प्रयोगशाळेत रोज वहीत लिहीत होते: दोरा ११ वाजून ४ मिनिटांनी आत, औषध ११ वाजून १४ मिनिटांनी. माझ्या उंदराला झटक्यानंतर दहा मिनिटांत औषध मिळत होतं. मामांना झटका कधी आला हेच कुणाला माहीत नव्हतं. हा फरक मला त्या दवाखान्याच्या बाकावर बसून कळला. तो कुठल्या पेपरात वाचायची गरजच पडली नाही.

आणखी एक फरक मात्र इतका उघड्यावर होता, की तो लक्षात यायला इतकी वर्षं लागली याचं नवल वाटतं. उंदीर निशाचर आहे. आपण सकाळी दहाला कामावर येतो आणि शस्त्रक्रिया करतो, तेव्हा ती त्याची मध्यरात्र असते. माणसांच्या चाचण्यांतले बहुतेक झटके दिवसा, जागेपणी आलेले. २०२० साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या एंग लो यांच्या गटाने तीन जुने उपचार पुन्हा तपासले. एमके-८०१ त्यात होतं, आणि एनएक्सवाय-०५९ ज्यातून घडवलं होतं ते मूळ रसायनही होतं. दिवसा, उंदरांच्या विश्रांतीच्या वेळी, तिन्ही उपचारांनी इजा कमी केली. रात्री, उंदीर जागे आणि धावते असताना, एकानेही नाही. जागेपणी उपच्छायेचा पट्टाच अरुंद होता, वाचवायला फारसं काही उरतच नव्हतं.

आता काय बदललं

१९९९ साली विद्यापीठं आणि औषध कंपन्या यांच्या एका गोलमेज बैठकीने प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नियम सुचवले: एकापेक्षा जास्त प्रजाती, दोन्ही लिंगं, वयस्क आणि आजारी प्राणी, चिठ्ठ्या टाकून वाटणी, गट माहीत नसलेला मोजणारा. पाळायला मात्र वर्षं गेली. सर्वात ठोस पाऊल अमेरिकेच्या सरकारी निधीतून उभ्या राहिलेल्या स्पॅन या जाळ्याचं. सहा प्रयोगशाळा, सहा उपचार, एकच आराखडा. तरुण माऊस, म्हातारे माऊस, लठ्ठ माऊस, रक्तदाबाचे रॅट, नर आणि मादी दोन्ही. कोणाला काय द्यायचं ते बाहेरून ठरे, कुप्या एकसारख्या दिसत. कोपऱ्याच्या चाचणीचं चित्रीकरण होई आणि त्याचे गुण प्रयोगशाळेबाहेरची, उंदराचा गट माहीत नसलेली माणसं देत. एकूण २,६१५ प्राणी. माणसांच्या चाचणीइतकीच शिस्त, उंदरांसाठी.

इथे आईच्या प्रश्नाकडे परत येते. वाईट आखलेल्या प्रयोगात वापरलेला उंदीर, त्याने कुठलंही खरं उत्तर दिलं नाही तर, खरोखरच वाया गेला. म्हणून चांगली आखणी हा मला दयेचाच भाग वाटतो. आपल्याकडे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली केंद्राची समिती आहे, आणि संस्थेच्या नैतिकता समितीच्या मंजुरीशिवाय एकाही उंदराला हात लावता येत नाही. अर्जात किती प्राणी आणि का तेवढेच, हे लिहावं लागतं. छोट्या गोष्टीही मोजाव्या लागतात. दोऱ्याच्या शस्त्रक्रियेत चावण्याच्या स्नायूंचं रक्त कमी होतं, त्यामुळे उंदराला कडक गोळ्या चावता येत नाहीत आणि तो उपाशी राहतो. पूर्वी वजन घटलं की ते झटक्यामुळे, असं धरत. आता पिंजऱ्याच्या तळाशी भिजवलेलं मऊ खाणं ठेवतात, वेदनाशामक देतात. उंदीर जगतात, आणि निकालही खरे येतात.

दरम्यान, आपल्याच देशात एक औषध बाजारात आलं आहे. सोवाटेलटाइड. मघाशी ज्याचं नाव लक्षात ठेवायला सांगितलं, त्या एंडोथेलिनच्याच एका ग्राहीवर (म्हणजे पेशीवरच्या, तो पदार्थ चिकटतो त्या जागेवर) ते काम करतं, पण रक्तवाहिनी आवळणाऱ्या नाही, दुसऱ्या प्रकारच्या. रॅटमध्ये दोऱ्याने झटका आणूनच ते आधी तपासलं गेलं. २०२३ साली भारताच्या औषध नियंत्रकांनी त्याला मान्यता दिली. तिसऱ्या टप्प्यातले रुग्ण दीडशेच्या आसपास होते. एनएक्सवाय-०५९ची पहिली चाचणी याच्या दसपटीहून मोठी होती आणि तरी दुसरीने तिला खोटं ठरवलं, हे आठवलं की या औषधाची आणखी मोठी, इतर देशांतही झालेली चाचणी बघायची मला घाई होते. चाललं तर फार चांगलं होईल.

आणि गुठळी ओढून काढण्याच्या नव्या उपचाराने एक विचित्र गोष्ट घडवली आहे. दोरा ओढला की उंदरात रक्त एकदम सुरू होतं. पूर्वी माणसात तसं क्वचितच व्हायचं, गुठळी हळूहळू विरघळायची किंवा विरघळायचीच नाही. आता रोज, शहराशहरांत, डॉक्टर नळीने गुठळी बाहेर काढतात आणि रक्त एकदम सुरू होतं. चाळीस वर्षं जो प्रयोग माणसाशी जुळत नाही म्हणून बोलणी खात होता, तो आता काही रुग्णांशी चांगला जुळतो. त्यामुळे जुनी टाकून दिलेली काही औषधं पुन्हा काढून बघावीत, असं अनेकांना वाटतं. मलाही वाटतं.

स्पॅनच्या सहा उपचारांपैकी शेवटपर्यंत टिकलं ते युरिक अ‍ॅसिड. तेच, जे वाढलं की अंगठा सुजतो आणि डॉक्टर डाळी-मटण कमी करायला सांगतात. ते विषारी कण टिपतं. पण इथेही एक मेख आहे. उंदरांच्या शरीरात युरिक अ‍ॅसिड तोडणारं विकर असतं, म्हणून त्यांच्या रक्तात ते फार थोडं. माणसाच्या पूर्वजांनी ते विकर उत्क्रांतीत केव्हाच गमावलं, म्हणून आपल्या रक्तात ते मुळातच कितीतरी जास्त. स्पेनमध्ये ४११ रुग्णांच्या चाचणीत ते आधीच तपासून पाहिलं आहे. २०१४ साली आलेल्या त्या निकालात एकूण फायदा स्पष्ट दिसला नव्हता. त्यातल्या बऱ्याच रुग्णांची गुठळी तेव्हा नळीने काढलेली नव्हती.